नाव तापीत, नकाशा अमेरिकेचा

आमच्या शहाद्याहून समुद्र गाठायचा म्हणजे सुरतेच्या पुढे जावं लागतं, त्यामुळे मी लॅपटॉपवर जहाज चालवायचं सॉफ्टवेअर टाकलंय म्हटल्यावर घरात सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ते विचारू नका. पण तापी आहे ना भो. प्रकाशा गावाला बॅरेज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, झाल्यापासून तिथला फुगवटा पावसाळ्यानंतर चांगला भरलेला असतो, मासेमारीच्या नावा फिरतात, आणि एका ओळखीच्या नानांची नाव मला सुटीच्या दिवशी मिळते. आणि गंमत म्हणजे २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले १११ जलमार्ग जाहीर झाले त्यात आपली तापी १०० नंबरला आहे, हतनूरपासून खंबातच्या आखातापर्यंत ४३६ किलोमीटर. मधे उकाईचं अख्खं धरण आडवं आहे ते कसं ओलांडायचं हे नानांनी मला विचारलं होतं, मी विषय बदलला.

तर सॉफ्टवेअर. त्याचं नाव ओपनसीपीएन, कॉम्प्युटरवर पूर्ण फुकट, ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे चालतं, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवरसुद्धा. जीपीएस जोडलं की नकाशावर तुमची नाव दिसते, मागे ट्रॅक उमटतो, पुढे रूट आखता येतो, नांगर टाकल्यावर नाव ठरलेल्या गोलाबाहेर सरकली तर अलार्म वाजतो. एआयएस रिसीव्हर जोडला तर आजूबाजूच्या मोठ्या जहाजांचे त्रिकोण पण दिसतात, कारण ती जहाजं रेडिओवरून आपलं नाव, वेग, दिशा सारखी ओरडून सांगत असतात. प्रकाशाला त्याचा उपयोग शून्य.

पण सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं ताट आहे, जेवण वेगळं आणावं लागतं, आणि ते जेवण म्हणजे चार्ट. समुद्राच्या नकाशाला चार्टच म्हणतात. इथे अमेरिकेचं कौतुक करावं लागेल. त्यांच्या किनाऱ्याची मोजणी करणारं सरकारी खातं १८०७ पासून आहे, आता ते नोआ या संस्थेत आहे, आणि त्यांचे सगळे इलेक्ट्रॉनिक चार्ट कोणीही, अगदी शहाद्यात बसूनही, एक रुपया न देता डाउनलोड करू शकतो. कारण तिथे केंद्र सरकारनं बनवलेल्या गोष्टीवर कॉपीराइटच नसतो. आतल्या नद्यांचे, मिसिसिपीबिसिपीचे, चार्ट त्यांच्या लष्कराच्या इंजिनिअर खात्याकडून असेच फुकट. आपल्याकडे हे काम देहरादूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस करतं. समुद्र मोजणारं ऑफिस डोंगरात का, असा प्रश्न मला पडला होता. मूळचं ते १८७४ साली कलकत्त्यात सुरू झालेलं, देहरादूनला १९५४ मध्ये हललं. त्यांचे चार्ट चांगले असतात पण विकत घ्यावे लागतात आणि ते समुद्राचे. तापीच्या फुगवट्याचा चार्ट मला कुठेच मिळाला नाही.

म्हणून मी आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीचा चार्ट उतरवून त्यावर हात बसवला. एस-५७ नावाच्या फॉरमॅटची फाईल असते, शेवटी टिंब आणि तीन शून्यं, आणि नंतरच्या दुरुस्त्या ००१, ००२ अशा मागून येतात. हा फोटो नाही हां. स्कॅन केलेला कागदी नकाशा झूम केला की नुसता फाटतो, इथे प्रत्येक बोया (पाण्यावर तरंगणारी खूण), प्रत्येक दगड ही डेटाबेसमधली वेगळी नोंद आहे, त्यावर क्लिक केलं की बोयाचा रंग कोणता, दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो सगळं बाहेर येतं. तुमची नाव पाण्याखाली किती बुडते ते सांगून सेफ्टी डेप्थ टाकली की त्याहून उथळ पाणी गडद निळं होतं आणि खोल पाणी पांढरं. आपल्याला उलटं वाटतं, खोल म्हणजे गडद, पण इथे जिथे धोका तिथे रंग, असा हिशोब आहे.

आता या डेटाबेसमध्येच एक सापळा आहे. तुम्ही झूम आउट केलं की सगळ्या नोंदी एकावर एक चढून स्क्रीनवर चिवडा होईल म्हणून सॉफ्टवेअर बारीकसारीक नोंदी लपवतं. २९ नोव्हेंबर २०१४ ला केपटाऊनहून अबू धाबीला निघालेली रेसची एक शिडाची बोट, टीम वेस्टास विंड, रात्रीच्या अंधारात मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोस नावाच्या प्रवाळाच्या खडकांवर जाऊन आपटली. बोटीवर जगातली भारीतली इलेक्ट्रॉनिक्स, अनुभवी खलाशी, आणि खडक चार्टवर होताच, फक्त ज्या झूमवर ते बघत होते तिथे तो खडकासारखा दिसत नव्हता. नऊच्या नऊ माणसं वाचली हे नशीब. तेव्हापासून मी रूट आखला की तो पूर्ण झूम करून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटानं सरकवत बघतो, कंटाळवाणं आहे, पण करतो.

दिवाळीनंतर एका सकाळी लॅपटॉप, मोबाईल आणि भाकरी-ठेचा घेऊन नानांच्या नावेत बसलो. मोबाईलवर एक ॲप टाकलं होतं, ते जीपीएसची माहिती हॉटस्पॉटवरून लॅपटॉपच्या १०११० नंबरच्या पोर्टला, म्हणजे माहिती आत यायच्या दाराला, पाठवतं. ही माहिती म्हणजे साध्या अक्षरांची एक ओळ असते, आधी डॉलरचं चिन्ह, मग जीपीआरएमसी, मग स्वल्पविराम देत देत वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा. वेळ आपली नसते, ग्रीनिचची, साडेपाच तास मिळवायचे. वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलात, आणि एक सागरी मैल १८५२ मीटर, कारण तो अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा धरलाय. तीन नॉट दिसलं तर साधारण साडेपाच किलोमीटर, नानांचं वल्हं तेवढं काढतं.

मी माती खाल्ली ती इथेच. ओळीत अक्षांश २१३० असा काहीतरी आकडा येतो आणि त्याचा अर्थ २१ अंश ३० मिनिटं, म्हणजे दशांशात साडेएकवीस. मी घाटाची खूण हातानं टाकताना सरळ २१.३० टाकली, रेखांशाचीही तशीच वाट लावली, आणि आमचा घाट नंदुरबारच्या पलीकडे कुठल्यातरी मिरचीच्या शेतात जाऊन पडला. नानांना दाखवलं तर ते म्हणाले, "भाऊ, मी आठे शे ना, तू मले काय इचारस!"

खूण नीट केली तर दुसरीच मजा. नाव पाण्याच्या मधोमध आणि स्क्रीनवर आम्ही कोरड्या जमिनीवर वल्हं मारतोय, कारण ओपनसीपीएनसोबत जगाचा जो ढोबळ नकाशा येतो त्यात समुद्राला निळा आणि जमिनीला पिवळट असे दोनच रंग, तापीच्या फुगवट्याची त्याला खबरच नाही. जीपीएस मात्र बरोबर होतं. २ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम घोळ घालायची, शंभरेक मीटरचा फरक पडायचा, तो बंद केल्यापासून उघड्यावर साधा मोबाईलही चार-पाच मीटरच्या आत जागा सांगतो.

आणि मला जे सांगायचंय ते खरं तर हेच की आपण कुठे आहोत हे आता खिशातला मोबाईल पाच मीटरमध्ये सांगतो, पण दगड कुठे आहे हे ज्यानं मोजलं त्यानं कधी आणि कशानं मोजलं यावर आहे. चार्टमध्ये त्याचा शेरा असतो, तो चालू करून बघायचा. चांगल्या मोजणीला ए-१, सहा चांदण्या, तिथे जागेची चूक पाच मीटरपर्यंत धरतात. बी म्हणजे पन्नास मीटर. सी म्हणजे तीन चांदण्या आणि पाचशे मीटर! डी त्याहून वाईट, आणि यू म्हणजे कोणी तपासलेलंच नाही. तर सी शेऱ्याच्या पाण्यात तुमच्या नावेचं चित्र कितीही ठळक दिसलं आणि दगड स्क्रीनवर दोनशे मीटर लांब दिसला तरी तो प्रत्यक्षात नावेखाली असू शकतो. स्क्रीन दोन्ही गोष्टी सारख्याच आत्मविश्वासानं दाखवते ही तिची खोड.

मग आम्ही स्वतःच मोजायला घेतलं. सुतळीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारल्या, टोकाला एक किलोचं वजन बांधलं, दर पंधरा-वीस वल्ह्यांनी नाव थांबवून सुतळी सोडायची, गाठी मोजायच्या आणि लॅपटॉपवर तिथे मार्क टाकून आकडा लिहायचा. जुन्या काळी सगळे समुद्र असेच मोजले, वजनाच्या बुडाला चरबी लावायचे म्हणजे तळाची माती चिकटून वर येते, आणि म्हणून आजही चार्टवर खोलीच्या आकड्याशेजारी एम म्हणजे चिखल, एस म्हणजे वाळू अशी अक्षरं दिसतात. नानांनी माझी सुतळी थोडा वेळ बघितली, मग आपला बांबू तळाला टेकवला, वर काढला, टोकाचा काळा गाळ बोटानं चोळला आणि म्हणाले, "आठे गाळ शे, तठे पुढे रेती." पुढे रेतीच निघाली. बांबूवर पाण्याची ओली रेघ, तीच त्यांची खोली.

पण आकडा लिहिताना अडलो. अडीच मीटर खरं, पण कधीचं? बॅरेजचे दरवाजे उघडले की उद्या दीडच असेल. समुद्रात भरती-ओहोटीनं हाच घोळ होतो, आपल्या तापीच्या तोंडाशी, खंबातच्या आखातात, तर काही ठिकाणी पाणी दहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. म्हणून चार्टवरची खोली जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीपासून मोजलेली असते, म्हणजे प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याहून जास्तच पाणी मिळतं. आमच्याकडे ओहोटी कुठली. मी घाटाच्या पायऱ्या धरल्या. त्या दिवशी वरून सात पायऱ्या कोरड्या होत्या, तेच आमचं शून्य.

तीन तासांत सदतीस आकडे झाले, लॅपटॉपची बॅटरी गेली, उन्हात स्क्रीन तशीही दिसत नव्हती, आणि मी लाईफ जॅकेट घालून बसलो होतो यावर काठावरची पोरं हसत होती ती वेगळीच. हसू दे.

घरी येऊन आकडे बघितले तर जुन्या पात्राची खोल रेघ अगदी स्पष्ट उमटली होती, फुगवट्याच्या मधोमध नाही, उत्तरेच्या काठाकडे सरकलेली. पुढच्या आठवड्यात प्रिंट काढून नानांना दिली. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा केला, शेवटी नदीच्या वाहण्याच्या बाजूनं धरला, आणि एका रिकाम्या जागी बोट ठेवलं. तिथे पाण्याखाली एक दगड आहे म्हणे, गेल्या साली त्यांचं वल्हं तुटलं होतं.

"तेमा मना दगड टाक."

नाव काढून तिथे गेलो, बांबूनं दगड सापडला, वर सव्वा मीटर पाणी. चार्टवर बुडालेल्या दगडाला अधिकचं चिन्ह असतं, ते टाकलं. शेजारी तारीख लिहिली, आणि त्या दिवशी नऊ पायऱ्या कोरड्या होत्या तेही.