‘जडीबुटीचं आहे, त्यानं काय होते?’ – वजनाच्या गोळ्यांबद्दल खुलासा

वजन कमी करायची, भूक मारणारी कॅप्सूल ‘हर्बल’ असली की अपाय होत नाही, हा समज विदर्भातल्या गावागावांत मुरलेला आहे. डबीवर हिरवं पान असते. बॅच नंबर अन् कंपनीचा पत्ता शोधून पाहा.

समज साफ चुकीचा. अशा ‘हर्बल’ औषधांच्या तपासणीत अनेक देशांत सिबुट्रामिन सापडलं आहे. हे जडीबुटी नाही, भूक दाबणारं रासायनिक औषध आहे. हार्ट अटॅक अन् लकव्याचा धोका वाढतो म्हणून युरोप-अमेरिकेत ते २०१० मध्ये बाजारातून गेलं, भारतात २०११ मध्ये बंदी आली. त्यामुळे कॅप्सूल घेतल्यावर तोंड सुकलं, झोप उडाली, छाती धडधडली, तर ‘औषध लागू पडलं’ म्हणून खूश होऊ नका. डबी सोबत घेऊन दवाखाना गाठा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी, वजन कमी करायची सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं वेगळी. डोस हळूहळू वाढवतात. मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात; मे महिन्याच्या उन्हात अंगातलं पाणी आटलं तर किडनीवर येते. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्यांसोबत साखर एकदम उतरू शकते. गरोदरपणात घ्यायची नाहीत. इंजेक्शनचं न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवावं लागते, म्हणजे लाइट गेली की काय करायचं हेही मेडिकलवाल्याला विचारा.

अन् जावेच्या चिठ्ठीवर आपलं औषध आणणं? कृपा करून नको. इंजेक्शन बंद केल्यावर भूक परतते, बहुतेकांचं वजनही. किती महिने घ्यायचं अन् खर्च किती, हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.