वर्षाचा एकच आकडा पाठवू नका : खाण आणि धातू उद्योगातल्या ग्राहकांसाठी

आम्ही खाणी आणि धातू कारखान्यांतले इंधन आणि वीज मोजून कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मांडतो. आमच्याकडे येणारा पहिला फोन बहुतेक वेळा असा असतो : "आम्हाला कार्बन कमी करायचाय. सोलर किती मेगावॉटचा टाकू? की इलेक्ट्रिक डंपरच घेऊ?" आम्ही विचारतो, सध्या डिझेल कुठल्या कामाला किती जाते? वीज कुठल्या विभागात किती लागते? दोन दिवसांनी हिशेब खात्याकडून एका ओळीचा ईमेल येतो. वर्षभरात डिझेलवर एवढा खर्च, विजेवर एवढा, कोळशावर एवढा. बस्स.

त्या एका ओळीवरून काहीच सुचवता येत नाही. हे प्रत्येक ग्राहकाला नव्याने समजावण्यात आमचे आणि त्याहून जास्त तुमचे आठवडे जातात, म्हणून सगळे एकदा नीट लिहून काढले आहे. हे पत्रक खाणीच्या आणि कारखान्याच्या व्यवस्थापकांसाठी आहेच, पण हिशेब खात्यातल्या ज्या माणसाकडे हे काम येऊन पडते त्याने ते आधी वाचावे.

रक्कम पाठवली की त्यात भाव मिसळतो. इंधन स्वस्त झाले त्या वर्षी उत्सर्जन घटलेले दिसते, महाग झाले त्या वर्षी वाढलेले दिसते, आणि डंपर तर दोन्ही वर्षी तेवढेच धावलेले असतात. डिझेल लिटरमध्ये हवे. एक लिटर जळले की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, ते कोणत्या भावाने घेतले याच्याशी त्याचा संबंध नाही. वीज युनिटमध्ये हवी. कोळसा आणि कोक टनांत, आणि सोबत प्रयोगशाळेचा रिपोर्ट : ओलावा किती, राख किती, कार्बन किती. भिजलेल्या कोळशाचे वजन धरून त्यातल्या पाण्यालाही कार्बन समजून मोजलेले आम्ही पाहिले आहे. भट्टीत चुनखडी घालत असाल तर तीही टनांत कळवा. शुद्ध चुनखडी भाजली की तिच्या एका टनातून 0.44 टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू इंधनाचा नसतो, दगडातलाच असतो, त्यामुळे इंधनाच्या बिलात तो कधीच सापडत नाही.

लिटर आणि युनिट मिळाले तरी वर्षाची बेरीज पुरत नाही. उघडी खाण दरवर्षी खोल जाते. रस्ता लांबतो, चढ वाढतो, खनिजाच्या टनामागे जास्त माती-दगड हलवावा लागतो. म्हणजे काही न बिघडताही टनामागचे डिझेल वाढते. तुमच्या माणसांनी वर्षभर मेहनत घेऊन डिझेल वाचवले असेल तर ती बचत या वाढीखाली पुरली जाते, आणि वर्षाअखेरीस बैठकीत बोलणी त्यांनाच बसतात. म्हणून आम्ही खनिजाच्या टनावर थांबत नाही. एकूण हलवलेले टन, किती किलोमीटर नेले आणि किती मीटर वर चढवले, हे तिन्ही शिफ्टवार मागतो. हे मागितले की काही जण वैतागतात. पण एवढे मिळाले की पहिल्याच आठवड्यात रस्त्याचा दोष, इंजिनाचा दोष आणि खोलीचा परिणाम वेगवेगळे दाखवता येतात.

रस्त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात कमी खर्चाची बचत बहुतेक वेळा तिथे मिळते आणि तिच्याबद्दल विचारणारे ग्राहक मात्र फार थोडे. चाक फिरताना रस्ता त्याला जो विरोध करतो तो आम्ही चढाच्या टक्क्यांत मोजतो. घट्ट दाबलेल्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या रस्त्यावर तो साधारण 2 टक्के असतो. खड्डे पडले, माती भुसभुशीत झाली की सहज 4 टक्क्यांवर जातो. 8 टक्के चढाच्या रॅम्पवर भरलेल्या डंपरला पहिल्या रस्त्यावर एकूण 10 टक्क्यांशी झुंजावे लागते, दुसऱ्यावर 12 टक्क्यांशी. म्हणजे तोच डंपर, तोच माल आणि प्रत्येक फेरीला पाचव्या हिश्शाने जास्त जोर. सपाट भागात तर हा विरोध सरळ दुप्पट होतो. अशा वेळी रस्ता सपाट करणारा ग्रेडर आणि पाण्याचा टँकर वेळेवर फिरवणे हे कार्बन कमी करण्याचेच काम आहे. अहवालात ते शोभिवंत दिसत नसले तरी आम्ही ते कधीच वगळत नाही. माल भरणाऱ्या शॉवेलखाली रांगेत इंजिन चालू ठेवून उभे राहणारे डंपर हाही याच घरातला विषय. फेऱ्यांच्या वेळा लिहिलेल्या असतील तर रांग कुठे लागते ते दिसते, नाहीतर नाही.

भूमिगत खाणीत सगळा खेळ हवेचा. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 20 टक्क्यांनी कमी केला की शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. जिथे माणूस नाही, यंत्र नाही, अशा बोगद्यात पूर्ण वेगाने हवा ढकलणे ही मोठी उधळपट्टी आहे. पण पंख्यांना स्वतंत्र मीटर नसेल तर ती कुणाला दिसणार? हवेचे प्रमाण कमी करण्याआधी वायू आणि तापमान मोजणारी यंत्रणा आणि सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी संमती हवी, त्याशिवाय आम्ही या कामाला हात लावत नाही. डिझेल लोडरऐवजी बॅटरीचा लोडर आणला की धूर आणि उष्णता दोन्ही घटतात, त्यामुळे हवाही कमी लागते. ही बचत डिझेलच्या रकान्यात येत नाही, पंख्याच्या मीटरवर येते.

कोळसा खाणींनी मिथेनला विसरू नये. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक टन मिथेन सुमारे 28 टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. तोच टन जाळला तर 2.75 टन कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे परिणाम दहाव्या हिश्शावर येतो. खाणीच्या थरांतून पाइपने काढलेला वायू इंजिनात जाळून वीजही करता येते. हवेसोबत बाहेर फेकला जाणारा मिथेन मात्र सहसा एक टक्क्यापेक्षाही विरळ असतो. तो साध्या ज्योतीने पेटत नाही, त्याला उष्णता धरून ठेवणारे खास ऑक्सिडायझर लागतात.

दगड फोडणे आणि दळणे हा खनिज प्रक्रियेतला विजेचा मोठा खड्डा. बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी दगड दळणाऱ्या गिरणीत, जाणाऱ्या विजेतला फार थोडा भाग प्रत्यक्ष दगड फुटण्यात कामी येतो, बाकी उष्णता आणि आवाज. म्हणून जितके बारीक हवे तितकेच दळा. पुढच्या प्रक्रियेला लागते त्याहून बारीक होत असेल तर तिथे वीज वाया जाते आणि पुष्कळदा धातूही हातचा जातो. मिलच्या तोंडाशी काय आकाराचा माल जातो आणि काय आकाराचा बाहेर येतो, याची चाळणी चाचणी आठवड्यातून एकदा तरी करा.

धातूच्या बाजूला प्रश्न वेगळे. ॲल्युमिनियमच्या पॉटमध्ये, म्हणजे विजेने धातू वेगळा करणाऱ्या भट्टीत, एका टनाला साधारण 13 ते 15 हजार युनिट वीज जाते, त्यामुळे वीज कुठून येते यावर जवळपास सगळे ठरते. शिवाय पॉटमध्ये वीज सोडणारे कार्बनचे अॅनोड जळतात, ते वेगळे. ॲल्युमिना (ज्यातून धातू काढतात ती भुकटी) वेळेवर पडला नाही की 'ॲनोड इफेक्ट' होतो आणि त्यात कार्बन टेट्राफ्लोराइड तयार होतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सहा हजार पटींहून अधिक प्रभावी आहे आणि हवेत हजारो वर्षे टिकतो. प्रत्येक पॉटवर ॲनोड इफेक्ट किती मिनिटे चालला याची नोंद नसेल तर तुमचा कार्बनचा आकडा अपुरा आहे. भंगारापासून ॲल्युमिनियम करायला नव्याने करण्याच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते. भंगार नीट वेगळे करून घेण्यावर माणसे नेमलीत तर तो पगार वाया जाणार नाही.

आता तुमच्या आवडत्या प्रश्नाकडे : कोळसा-कोकऐवजी हायड्रोजनने लोखंड काढणे. हेमेटाइट या लोहखनिजातून एक टन लोखंड काढायला नुसत्या रसायनशास्त्राच्या हिशेबाने सुमारे 54 किलो हायड्रोजन लागतो, आणि पाण्यापासून तो करायला साधारण 2,700 ते 3,000 युनिट. ही वीज कोळशाची असेल तर युनिटमागे 0.9 ते 1 किलो धरून उत्सर्जन 2.4 ते 3 टन होते. कोक जाळणाऱ्या झोतभट्टीच्या वाटेने पोलादाच्या टनामागे सव्वादोन टनांच्या आसपास होते. म्हणजे उलटे जास्त! स्वीडनमध्ये हायब्रिट प्रकल्पाने 2021 मध्ये हायड्रोजन वापरून स्पंज आयर्न (न वितळवता खनिजातून काढलेले लोखंड) करून दाखवले, ते जीवाश्म इंधनाशिवायच्या विजेच्या बळावर. तीच वीज तुमच्याकडे असेल तर आम्ही आनंदाने पुढचा हिशेब करून देऊ.

इलेक्ट्रिक डंपरचेही तेच. एक लिटर डिझेलचे काम करायला ग्रिडमधून अंदाजे साडेचार युनिट लागतात. विजेचे उत्सर्जन युनिटमागे 0.6 किलोच्या खाली असेल तर फायदा, वर असेल तर तोटा. अपवाद एकच : भरलेला डंपर खाली उतरतो अशी खाण असेल तर ब्रेक लावताना परत मिळणारी वीज चित्र पालटू शकते.

"तुम्ही पहिल्याच भेटीत कोटेशन का देत नाही?" असे काही जण नाराजीने विचारतात. याच कारणासाठी. आम्ही पॅनेल विकत नाही, बॅटऱ्या विकत नाही, कुठल्याही यंत्राच्या कंपनीकडून कमिशन घेत नाही. आम्ही मोजतो आणि हिशेब मांडतो. महिनाभर आमचे मीटर तुमच्या पंख्यांवर, कॉम्प्रेसरवर, मिलवर आणि भट्टीवर लागतात, आणि त्या महिन्याचे पैसे आम्ही घेतो, पुढे तुम्ही काही बदल केलेत किंवा नाही केलेत तरी. हे काहींना खटकते. पण मोजणी फुकट करून देणारा ती कुठल्यातरी विक्रीतून वसूल करतो, आणि मग शिफारसही त्या विक्रीकडे झुकते.

एका ग्राहकाचा अनुभव सांगण्यासारखा आहे. क्रशरच्या विजेचा वार्षिक आकडा त्यांनी पाठवला, आम्ही दोन आठवडे त्यावर डोके खपवले. टनामागची वीज इतकी जास्त दिसत होती की आम्ही मोटारींवर संशय घेत बसलो. शेवटी जागेवर गेलो तेव्हा कळले, त्या मीटरवर खाणीतले पाणी उपसणारे पंपही होते. मोटारी ठणठणीत होत्या. चूक आमचीही होती, मीटरवर काय काय जोडले आहे हे आधी विचारायला हवे होते. तेव्हापासून वायरिंगचा नकाशा हातात आल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही.

कंत्राटदाराचे डिझेल हा नेहमीचा वाद. वाहतूक कंत्राटाने दिली की ते लिटर तुमच्या खरेदीत दिसत नाहीत आणि उत्सर्जन एका रात्रीत घटल्यासारखे वाटते. ते थेट उत्सर्जनात धरायचे की पुरवठा साखळीच्या वर्गात, हे कामावर नियंत्रण कुणाचे यावरून ठरते. पण धरायचे नक्की. युरोपला पोलाद किंवा ॲल्युमिनियम विकत असाल तर तुमच्या मालाचे उत्सर्जन तिथे विचारले जाते. त्यांच्या सीमा-कार्बन नियमात 1 ऑक्टोबर 2023 पासून माहिती देणे सुरू झाले आणि 1 जानेवारी 2026 पासून पैसे मोजण्याचा टप्पा सुरू झाला. तिथे खाणीतल्या डंपरपेक्षा कारखान्यातली भट्टी आणि कच्चा माल यांचे आकडे महत्त्वाचे, आणि तेही मालाच्या टनामागे.

भेटीआधी पाठवायचे ते एवढेच : मागच्या बारा महिन्यांचे डिझेल लिटरमध्ये, यंत्रवार, कंत्राटदारासह. विजेचे युनिट मीटरवार, आणि कोणत्या मीटरवर काय जोडले आहे त्याचा नकाशा. हलवलेले टन, अंतर आणि चढ, शिफ्टवार जमले तर उत्तम, नाहीतर महिनावार. कोळसा-कोकचे प्रयोगशाळा रिपोर्ट. लॉगबुक हाताने लिहिलेले असेल तर त्याच्या पानांचे फोटो चालतील, टाइप करत बसू नका. फोरमनच्या अक्षरातली खाडाखोडही आम्हाला उपयोगी पडते, यंत्र कोणत्या दिवशी बंद पडले ते तिथेच कळते.