डीसीआर आणि नॉन-डीसीआर : छतावरच्या पॅनलमागचा आयात शुल्काचा इतिहास

निपाणी, चिकोडी किंवा संकेश्वरच्या बाजारात घराच्या छतावर तीन किलोवॉटचा सोलर बसवण्यासाठी कोटेशन मागितले, की कागदावर बहुधा दोन दर लिहून मिळतात. पहिला दर डीसीआर पॅनलचा असतो आणि दुसरा नॉन-डीसीआरचा. पहिला महाग पडतो, पण 2024 साली सुरू झालेल्या घरगुती योजनेतील 78,000 रुपयांचे अनुदान त्याच्यावरच मिळते. दुकानदार घाईत असला तर ‘हा आपला, तो चायनाचा’ एवढ्यावर विषय संपवतो, आणि ग्राहकही तेच समजून घरी जातो. हे पूर्ण खरे नाही. डीसीआर म्हणजे सिलिकॉनचा सेलही भारतात तयार झालेला आणि ते सेल जोडून केलेले पॅनलही भारतातच बनलेले. आज बाजारात नॉन-डीसीआर म्हणून जे पॅनल विकले जाते, तेही पुष्कळदा भारतातल्याच कारखान्यात जोडलेले असते. त्याच्या आतला सेल तेवढा बाहेरून आलेला असतो. एका वस्तूचे हे दोन भाव कसे झाले, हे समजण्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील एका कलमापर्यंत जावे लागते.

आजच्या सिलिकॉनच्या सौर सेलचा शोध 1954 सालचा असला, तरी आपल्याकडे त्याचा व्यापार-तंटा 2010 च्या जानेवारीत जाहीर झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानापासून सुरू होतो. 2022 पर्यंत 20,000 मेगावॉटचे लक्ष्य त्यात होते, आणि ही वीज सरकार पंचवीस वर्षांच्या कराराने विकत घेणार होते. त्यासोबत एक अट होती : पहिल्या तुकडीत सिलिकॉनची पॅनल देशी हवीत, दुसऱ्या तुकडीत सेलसुद्धा देशी हवेत. ‘देशांतर्गत घटकांची अट’ ती हीच, आणि तिच्याच इंग्रजी आद्याक्षरांतून आजचा ‘डीसीआर’ हा शब्द दुकानाच्या काउंटरवर आला. या अटीतून पातळ थराच्या, म्हणजे काचेसारख्या पृष्ठावर पदार्थाचा पातळ थर देऊन केलेल्या, पॅनलला सूट होती. तशी पॅनल प्रामुख्याने अमेरिकेतून येत आणि त्यांच्यासाठी तिथल्या निर्यात बँकेचे स्वस्त कर्जही मिळे. सुरुवातीच्या अनेक प्रकल्पांनी नेमकी हीच वाट धरली, आणि जिच्यासाठी अट घातली ती देशी सेल-निर्मिती त्या वर्षांत उभी राहू शकली नाही.

तरीही 2013 च्या फेब्रुवारीत अमेरिकेने या अटीविरुद्ध जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. परदेशी मालाला देशी मालापेक्षा कमी लेखायचे नाही, हा व्यापार कराराचा पाया आहे. त्याला एक अपवाद आहे : सरकार स्वतःच्या कामासाठी जी वस्तू विकत घेते, तिथे ते देशी मालाला पसंती देऊ शकते. भारताचे म्हणणे असे होते की वीज सरकारच विकत घेत आहे, ती वीज पॅनलमधूनच निघते, तेव्हा पॅनलची अट ही सरकारी खरेदीचाच भाग आहे. 2016 च्या फेब्रुवारीत संघटनेच्या तज्ज्ञ मंडळाने आणि त्याच वर्षी 16 सप्टेंबरला अपील मंडळाने हा युक्तिवाद फेटाळला. सरकारने विकत घेतली ती वीज. पॅनल विकत घेतले ते खासगी विकासकाने, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीने. वीज आणि पॅनल या दोन वस्तू बाजारात एकमेकींशी स्पर्धा करीत नाहीत. म्हणून अपवाद लागू नाही, असा निकालाचा गाभा होता. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या वीज-योजनेबाबत 2013 साली हेच सूत्र लावले गेले होते. भारताने दुसराही आधार मांडला होता, की देशात सेलचा तुटवडा आहे आणि तुटवड्याच्या वस्तूसाठी करारात सवलत आहे. त्यावर उत्तर मिळाले की आयात करून जी वस्तू पुरेशी मिळते, तिचा तुटवडा म्हणता येत नाही.

कायद्याच्या चौकटीत हे उत्तर बसते, पण त्यातला अर्थ मला आजही खटकतो. ज्या देशाकडे कारखाने नाहीत त्याला आयात हाच पुरवठा मानायला सांगणे, म्हणजे कारखाने उभारण्याचे कारणच अमान्य करणे होय. बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांनी भट्ट्या आणि लेथ मशीन उभ्या राहताना पाहिल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. तिथला एकही कारखाना ‘बाहेरून माल मिळतोच आहे’ असे म्हणून उभा राहिलेला नाही. शिवाय अमेरिकेतील काही राज्यांच्या सौर योजनांत स्थानिक मालाला अशीच सवलत होती, आणि त्यांच्याविरुद्ध भारताने केलेल्या तक्रारीत 2019 साली तज्ज्ञ मंडळाचा कौल भारताच्या बाजूने गेला.

निकालाचा परिणाम असा, की सरकार वीज विकत घेते अशा मोठ्या निविदांतून 2017 च्या अखेरीस डीसीआरची अट काढली गेली. जिथे सरकारी उपक्रम स्वतःच्या वापरासाठी प्रकल्प उभारतात किंवा जिथे केंद्राचे अनुदान जाते, तिथे ती टिकवली गेली : शेतीपंपांची 2019 ची योजना आणि घरगुती छत. म्हणूनच दूधगंगा-वेदगंगेच्या काठी ऊस भिजवणाऱ्या शेतकऱ्याच्या अनुदानित सौरपंपाला डीसीआर पॅनल लागते, आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीमालकाला, जो अनुदान मागत नाही, तेच पॅनल सक्तीचे नसते.

अट गेल्यावर संरक्षणाचे काम आयात शुल्कावर आले, आणि तो प्रवासही सरळ झाला नाही. 2014 साली चीन, तैवान, मलेशिया आणि अमेरिका यांच्या सेल-पॅनलवर डम्पिंगविरोधी, म्हणजे पडेल भावात माल ओतण्याला रोखणाऱ्या, शुल्काची शिफारस झाली होती, पण ती अधिसूचित न होताच बारगळली. 2017 साली बंदरावर एक निराळाच प्रश्न उभा राहिला. पॅनलच्या पाठीवर जी काळी पेटी असते, ज्याला मिस्त्री जंक्शन बॉक्स म्हणतात, तिचे झाकण काढले तर आत सहसा बोटाच्या पेराएवढे तीन डायोड दिसतात. पॅनलच्या एका भागावर सावली पडली तर वीज त्या भागाला वळसा घालून जावी, एवढेच त्यांचे काम. या डायोडमुळे पॅनल हा नुसता अर्धवाहक राहत नाही तर ‘जनित्र’ ठरतो, असे म्हणून शून्य शुल्काच्या वर्गातून त्याला 7.5 टक्क्यांच्या वर्गात टाकले गेले आणि कंटेनर अडकले. साधा डायोड असल्याने वर्ग बदलत नाही, हा खुलासा 2018 साली झाला.

त्याच वर्षी 30 जुलैपासून चीन आणि मलेशियाच्या मालावर 25 टक्के संरक्षक शुल्क लागले. ते पुढे 20 आणि 15 टक्क्यांवर उतरले आणि मुदतवाढीत 14.9 व 14.5 टक्के होऊन 2021 च्या जुलैत संपले. पण तात्पुरते शुल्क पाहून कोणी सेलचा कारखाना काढत नाही, कारण त्याला लागणारा काळ शुल्काच्या मुदतीपेक्षा मोठा असतो. विकासकांनी मात्र शुल्क उतरण्याची वाट पाहत खरेदी लांबवली.

कायमचे मूलभूत सीमा शुल्क 1 एप्रिल 2022 पासून आले : पॅनलवर 40 टक्के, सेलवर 25 टक्के. या दोन आकड्यांतील अंतरातच नॉन-डीसीआरचा जन्म आहे. सेल कमी शुल्कात आणून इथे जोडणे परवडू लागले आणि पॅनल जोडणारे कारखाने भराभर वाढले, सेलचे मात्र मागे राहिले. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या पॅनलची यादी 2021 साली निघाली, मध्ये एक वर्ष स्थगित राहिली आणि 1 एप्रिल 2024 पासून पुन्हा लागू झाली. छतावरची जादा वीज ग्रीडला देऊन बिलात वळती करणारे नेट मीटर घेणाऱ्यालाही ती बंधनकारक असल्याने तयार चिनी पॅनल त्या वाटेने येणे जवळपास थांबले. येतो तो सेल. मागणीच्या मानाने देशी सेल कमी, म्हणून डीसीआर महाग, असा कोटेशनवरच्या दोन भावांचा हिशोब आहे.

जिनिव्हातील मूळ तंटा भारत आणि अमेरिकेने 2023 साली इतर काही प्रकरणांसोबत आपसात मिटवला. 2025 च्या अर्थसंकल्पात मूलभूत शुल्क दोन्हींवर 20 टक्के केले गेले, पण वर कृषी पायाभूत अधिभार लावल्याने पॅनलचा एकूण भार 40 टक्के आणि सेलचा 27.5 टक्के झाला. त्यामुळे ‘शुल्क निम्मे झाले’ या बातमीवर विसंबून ज्यांनी खरेदी थांबवली, त्यांना भावात उतार दिसला नाही. मान्यताप्राप्त सेलची वेगळी यादी 1 जून 2026 पासून लागू करण्याचे केंद्राने ठरवले आहे, आणि नेट मीटरची जोडणीही तिच्या कक्षेत येते. ती यादी अमलात येईल तसा फाउंड्रीच्या पत्र्यावरचा सेलही देशीच असावा लागेल, आणि कोटेशनवरचा दुसरा दर लिहायला फारशी जागा उरणार नाही.