थ्री प्लस, फुगडी आणि पंधरा मोटारींची अंत्ययात्रा

गेल्या ऑक्टोबरात आमच्या सोसायटीत स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृतीचा कार्यक्रम झाला. फुगे गुलाबी, साड्या गुलाबी, सरबतसुद्धा गुलाबी. पाहुण्या बाईंनी अर्धा तास एकच मुद्दा घोळवला: मन प्रसन्न ठेवा, सकारात्मक राहा, कॅन्सर आपोआप हरतो. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी माझी धाकटी मामी बसली होती. तिची बायोप्सी होऊन आठवडा झाला होता, हे सभागृहात आम्हा दोघींनाच ठाऊक. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "म्हणजे उद्या वाढला, तर मी नीट हसले नाही म्हणून वाढला असं होणार का गं?"

मग तिने मोबाइलवर रिपोर्टचा फोटो उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे बघ. हर-टू, थ्री प्लस. तीन अधिक म्हणजे चांगलं की वाईट?"

मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरचे रिपोर्ट माझ्याकडेच येतात. तिच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिथे सरबत पिताना देता आली नाहीत, म्हणून इथे लिहिते.

पहिला प्रश्न हसण्याचा. ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. १९८९ साली स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापला. शरीरात इतरत्र पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ बायका. त्यांतल्या काही जणी वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून बोलत, रडत, भीती सांगत. बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. गटातल्या बायका सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. जवळजवळ दुप्पट! जगभर खळबळ उडाली. गंमत म्हणजे मन शरीराला बरं करतं या दाव्याचा स्पीगल यांना स्वतःलाच संशय होता आणि तो खोडून निघेल या अपेक्षेनेच त्यांनी हे आकडे तपासायला घेतले होते.

विज्ञानात पहिला चमत्कार मोजायचा नसतो, दुसऱ्यांदा होतो का ते पाहायचं असतं. कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ बायकांवर तोच प्रयोग जास्त काटेकोरपणे केला. २००१ साली निकाल आला: गटात बसणाऱ्या १७.९ महिने जगल्या, न बसणाऱ्या १७.६. म्हणजे आयुष्यात फरक नाही. पण मन हलकं झालं, वेदना कमी जाणवल्या, आणि ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना जास्त फायदा झाला. वेदना कमी होणं मला तरी छोटी गोष्ट वाटत नाही. मात्र गाठीला तुमचा मूड कळत नाही. तेव्हा मामीने खुशाल रडावं. 'सकारात्मक राहा' हा सल्ला आजारी माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवतो आणि सांगणाऱ्याला मात्र मोकळं करतो. साखर बंद करा म्हणजे गाठ उपाशी मरते, असं सांगणारे फॉरवर्ड याच जातीचे. त्यांवर मी शब्द घालवणार नाही.

आता दुसरा प्रश्न, माझ्या आवडीचा. थोडं लांबेल.

पेशीच्या बाहेरच्या आवरणात काही प्रथिनं आरपार रोवलेली असतात. त्यांना ग्राही म्हणतात. डोकं बाहेर, शेपूट आत. बाहेरून 'वाढ' असा रासायनिक निरोप आला की डोकं तो पकडतं आणि शेपूट आत हालचाल सुरू करते. अशा ग्राहींच्या एका कुटुंबात चार बहिणी आहेत, हर-वन ते हर-फोर. एरवी त्या अंग चोरून उभ्या असतात. निरोप चिकटला की त्यांचा आकार उलगडतो, एक हात बाहेर येतो आणि त्या शेजारणीचा हात धरतात. चक्क फुगडी. हात धरले की आतल्या शेपट्या एकमेकींजवळ येतात आणि एकीची शेपूट दुसरीवर फॉस्फेटचे ठिपके लावते. हे ठिपके म्हणजे आतल्या यंत्रणेला खूण. तिथून एक साखळी 'विभाजन कर' सांगत केंद्रकापर्यंत जाते, दुसरी 'मरू नकोस' असं बजावते.

यात हर-टू विचित्र. तिला कुठलाच निरोप चिकटत नाही, निदान आजवर सापडलेला नाही. ती जन्मतःच हात पुढे करून उभी, कुणीही या आणि फुगडी घाला. तिची लाडकी जोडीदारीण हर-थ्री. तिला निरोप येतात, पण तिच्या शेपटीची ठिपके लावायची ताकद जवळजवळ गेलेली. म्हणजे एकीला ऐकू येत नाही, दुसरीला काम होत नाही, आणि दोघींची जोडी मात्र सगळ्या कुटुंबात सर्वांत जोरकस! उत्क्रांतीने हे असं का जुळवलं असेल याचा विचार करत मी कितीतरी वेळ घालवला आहे.

साध्या पेशीवर हर-टू सुमारे २० हजार असतात. तेवढ्यात फुगड्या अधूनमधून होतात, कारभार चालतो. पण सतराव्या गुणसूत्रावरच्या तिच्या जनुकाच्या दोनाऐवजी डझनावारी प्रती झाल्या, तर पेशीवर २० लाखांपर्यंत हर-टू दाटतात. मुंगी शिरायला जागा नाही, सगळ्यांचे हात पुढे. निरोपाची वाट कोण बघतो? अखंड फुगडी आणि अखंड विभाजन. स्तनाचा कर्करोग झालेल्या दर पाच-सहा बायकांत एकीच्या गाठीत हे घडलेलं असतं. प्रयोगशाळेत गाठीच्या कापावर रंग देतात. पेशींभोवती गडद तपकिरी, पूर्ण कडं दिसलं तर थ्री प्लस. शून्य किंवा वन प्लस म्हणजे हर-टू वाढलेली नाही. टू प्लस म्हणजे नक्की नाही. मग फिश नावाची चाचणी करून जनुकाच्या प्रती चमकत्या ठिपक्यांवरून मोजतात.

तेव्हा मामी, तीन प्लस चांगलं की वाईट? १९९० साली विचारलं असतंस तर वाईट, आणि फारच वाईट. या गाठी भराभर वाढत, लवकर पसरत. आज उत्तर वेगळं आहे, कारण त्या हर-टूला धरून ठेवणारं औषध आहे. ट्रास्टुझुमाब.

हे औषध म्हणजे प्रतिपिंड, अँटीबॉडी. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं प्रथिन. दोन टोकांनी ते हर-टूला आवरणाजवळच्या भागात घट्ट धरतं आणि आत जाणारा आरडाओरडा कमी होतो. तिसरं टोक बाहेर राहतं. ते रक्तातल्या मारेकरी पेशींना बोलावतं: ही बघा, हिला संपवा. मूळ प्रतिपिंड उंदराचं होतं. उंदराचं प्रथिन माणसाचं शरीर परकं म्हणून हाकलणार, म्हणून जेनेन्टेक कंपनीत पकडीच्या टोकांचे नेमके तुकडे तेवढे उंदराचे ठेवून बाकी सगळा सांगाडा मानवी केला. पुढे आलेलं पर्टुझुमाब नेमका फुगडीचा हातच अडवतं; दोन्ही एकत्र देतात ती त्यामुळेच. हर-टू हृदयाच्या स्नायूलाही लागते, म्हणून औषध चालू असताना ठरावीक काळाने इको करावा लागतो. तो चुकवू नये.

या जनुकाच्या शोधाशी मुंबईचा एक धागा आहे. १९८२ साली अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या गाठीतलं एक प्रथिन प्रतिपिंडाने पकडलं गेलं. ते पकडणारे लक्ष्मीचरण पाढी, जे पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. तेच उंदरातलं हर-टू. म्हणजे कर्करोग करणारं प्रथिन पेशीच्या बाहेर डोकं काढून उभं, त्याला चिकटणारं प्रतिपिंड हाताशी, आणि याचं औषध होईल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही! १९८७ साली लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लॅमन यांनी दाखवलं की ज्यांच्या गाठीत हे जनुक वाढलेलं, त्यांचा आजार उग्र. तिथून औषधाची चक्रं फिरू लागली, पण संथ.

इथवर प्रयोगशाळा. यापुढे रस्ता.

कॅलिफोर्नियात मार्टी नेल्सन नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. १९९३ साली त्यांचा कर्करोग उलटला. नवं औषध तयार होतंय हे त्यांना डॉक्टर असल्याने ठाऊक होतं. त्यांनी मागितलं. रुग्णांवर चाललेल्या चाचणीबाहेर कुणाला औषध द्यायचं नाही हे कंपनीचं, जेनेन्टेकचं, धोरण. नोव्हेंबर १९९४मध्ये त्या वारल्या. ५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ब्रेस्ट कॅन्सर अ‍ॅक्शन' या संघटनेच्या बायकांनी पंधरा मोटारींची अंत्ययात्रा काढून ती थेट जेनेन्टेकच्या आवारात नेली. एका बाईने, तिला स्वतःला कर्करोग होता, स्टीअरिंगला स्वतःचा हात बेडीने अडकवून घेतला.

कंपनीचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हेही सांगायला हवं. सगळ्यांना औषध वाटलं, तर चाचणीत कोण येणार? आणि चाचणीशिवाय औषध चालतं हे कळणार कसं? बायकांचं म्हणणं: आम्हाला तेवढा वेळ नाही. दोन्ही बाजू खऱ्या. १९९५मध्ये तडजोड झाली आणि तीत 'नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअलिशन' या देशव्यापी संघटनेच्या फ्रॅन विस्को मध्यभागी होत्या. चाचणीत न बसणाऱ्या काही जणींना सोडत काढून औषध मिळू लागलं, आणि बदल्यात संघटनेने चाचणीच्या आखणीत भाग घेऊन बायकांना तीत सामील व्हायला उभं केलं. रेंगाळलेली भरती धावू लागली. ४६९ बायकांची ती चाचणी पूर्ण झाली आणि सप्टेंबर १९९८मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ही तडजोड घडवण्यासाठी बायकांना पेशीविज्ञान शिकावं लागलं होतं. याच संघटनेच्या रेट्यामुळे १९९२ साली अमेरिकी संसदेने संरक्षण खात्यातून २१ कोटी डॉलर या रोगाच्या संशोधनाला दिले. त्या पैशांचं वाटप ठरवणाऱ्या समित्यांत शास्त्रज्ञांच्या बरोबरीने आजारातून गेलेल्या बायका बसतात, आणि मत देतात.

गुलाबी फितीचं मूळही असंच तिखट आहे. शार्लट हेली नावाच्या अमेरिकन बाई घरी पीच रंगाच्या फिती करून वाटायच्या, सोबत एक कार्ड: राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या बजेटमधले फक्त पाच टक्के प्रतिबंधावर जातात, जागे व्हा. एका मासिकाने आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ती फीत मागितली. हेलींनी नकार दिला, धंदा नको म्हणाल्या. वकिलांनी सल्ला दिला, रंग बदला. म्हणून गुलाबी. आमच्या सोसायटीतल्या सरबताचा रंग तिथून आला!

भारतात प्रश्न किमतीचा होता. औषध वर्षभर, दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे सुमारे अठरा वेळा घ्यायचं आणि एकेका कुपीची किंमत लाखाच्या घरात. मुंबईच्या टाटा रुग्णालयातून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांना हे औषध लागू होतं अशा शंभरातल्या दहा जणींनाही ते मिळालेलं नव्हतं. मार्च २०१२मध्ये सरकारने मूत्रपिंड-यकृताच्या कर्करोगावरच्या सोराफेनिब या औषधाचा सक्तीचा परवाना दिला. पेटंट असूनही दुसऱ्या कंपनीला ते स्वस्तात बनवायची मुभा. ते पाहून त्याच वर्षी रुग्ण बायका, आरोग्य कार्यकर्ते आणि वकील यांनी ट्रास्टुझुमाब परवडणाऱ्या दरात मिळावं म्हणून मोहीम उभारली आणि पंतप्रधानांना पत्र धाडलं. सरकारही परवान्याचा विचार करू लागलं. ऑगस्ट २०१३मध्ये जेनेन्टेकची मालक असलेल्या रोश कंपनीने या औषधाच्या भारतातल्या पेटंटवरचा हक्क सोडून दिला.

पेटंट गेलं की दुसऱ्या दिवशी नक्कल तयार, असं इथे होत नाही. अ‍ॅस्पिरिनचा रेणू १८० वजनाचा, हा जवळपास दीड लाखाचा, सुमारे १,३०० अमिनो आम्लांचा. तो रसायनांच्या भांड्यात बनत नाही. चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी टाकीत वाढवून त्यांच्याकडून करून घ्यावा लागतो. दोन कारखान्यांतला माल हुबेहूब नसतो, म्हणून त्याला 'जेनेरिक' न म्हणता 'बायोसिमिलर', सारखं जैविक औषध म्हणतात. बंगळूरच्या बायोकॉनचं २०१४च्या सुरुवातीला बाजारात आलं. ४४० मिलिग्रॅमची कुपी ५७,५०० रुपयांना, म्हणजे तेव्हाही लाखांचाच हिशेब. पुढे अनेक भारतीय कंपन्या उतरल्या, दर आणखी घसरले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधाला अत्यावश्यक यादीत घेतलं.

दर तीन आठवडे का? प्रतिपिंड रक्तात हळूहळू विरतं, तीन आठवडे पुरेसं टिकून राहतं. या एका रासायनिक कारणामुळे लातूरच्या बाईला वर्षभर दर एकवीस दिवसांनी परळचं टाटा रुग्णालय गाठावं लागतं, आणि म्हणूनच दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती ही उपचारांची अर्धी बाजू आहे. जेवण, गादी, आणि 'उद्या कुठल्या खिडकीवर जायचं' हे सांगणारी कुणीतरी शेजारीण.

मामीचे सतरा डोस झाले. हल्ली ती इंजेक्शनच्या खुर्चीत बसल्या बसल्या नव्या बायकांशी बोलते, आणि बोलण्याची सुरुवात 'धीर धरा' अशी नसते. ती फाइल मागते. परवा पंढरपूरकडच्या एका आजींच्या रिपोर्टवर तिला टू प्लस दिसलं.

"आजी, हे अर्धवट आहे. डॉक्टरांना सांगा, फिश करायचं राहिलंय."

आजींनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "बाई, आम्ही माळकरी. मासं नाही चालत."