मुलाखतीआधी दोन मिनिटं कमरेवर हात

नाशिकजवळच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मुलाखतीला निघालेल्या मुलामुलींना एक सल्ला हमखास मिळतो: आत जाण्याआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून ताठ उभं राहा. तो आला 2010 च्या एका अमेरिकी प्रयोगातून. 42 जणांपैकी काहींना ऐसपैस, काहींना आखडून बसवलं-उभं केलं. ऐसपैस गटात वर्चस्वाशी जोडलं जाणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलं आणि ताणाशी जोडलं जाणारं कॉर्टिसॉल घटलं, असा दावा झाला. 2015 मध्ये 200 जणांवर तसाच प्रयोग केला, तर संप्रेरकांत फरक पडलाच नाही. बळ आल्यासारखं वाटलं, इतकंच. मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी 2016 मध्ये या परिणामावर आपला विश्वास नसल्याचं जाहीर केलं.

धडधड होत असताना 'शांत हो' म्हणण्यापेक्षा 'मला उत्साह वाटतोय' असं मोठ्याने म्हणणं बरं. अमेरिकी संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 च्या प्रयोगांत असं म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. भीती आणि उत्साह दोन्हींत छाती सारखीच धडधडते. ती थांबवणं अवघड, तिला दुसरं नाव देणं सोपं. पण यानं नोकरी मिळते, असं त्या प्रयोगांनी दाखवलेलं नाही.

'मी फारच परफेक्शनिस्ट आहे, हाच माझा दोष' हे उत्तर मात्र सोडाच. दोषाच्या आडून केलेली बढाई समोरच्याला खोटी वाटते आणि ती सरळ बढाईपेक्षाही कमी आवडते.

खरी मेहनत उत्तरांवर घ्यावी. पद्धतशीर मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न असतात आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण मिळतात. तिथे उभं राहण्याच्या ढबीला रकानाच नसतो. आपल्या कामातले पाच-सहा प्रसंग निवडा आणि प्रत्येक दीड मिनिटात बसवा: अडचण दोन वाक्यांत, मग आपण काय केलं, शेवटी आकडा. उदाहरणार्थ: 'सीएनसीवर बोअर हळूहळू लहान येत होता. दर 20 नगांनी बोअर गेजने मोजलं, इन्सर्ट झिजल्याचं दिसलं, ऑफसेट दिला. शिफ्टचं रिजेक्शन 12 नगांवरून 2 वर आलं.' (सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारं यंत्र, बोअर म्हणजे भागातलं गोल भोक, इन्सर्ट म्हणजे कापणारं पातं, ऑफसेट म्हणजे झिजेपुरती यंत्रात केलेली दुरुस्ती.)

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, सगळं 'आम्ही केलं' म्हणून सांगितलं जातं. मग तुमचा वाटा कळत नाही आणि गुणही देता येत नाहीत. दुसरी, उत्तर शब्दन्‌शब्द पाठ केलं जातं. एक शब्द अडला की पुढचं सगळं अडतं. म्हणून कागदावर फक्त चार-चार शब्दांचे मुद्दे लिहा आणि फोनवर तीनदा रेकॉर्ड करा, दर वेळी वेगळ्या वाक्यांत.