रिप्युडिएट

रिप्युडिएट हे औपचारिक इंग्रजीतील, ठामपणे नाकारणे या अर्थाचे क्रियापद आहे. उच्चारताना जोर ‘प्यू’वर येतो, नाम रिप्युडिएशन. साध्या नकाराला हा शब्द फार जड पडतो. दिलेला शब्द, घेतलेले कर्ज, पूर्वी मानलेले मत यांच्याशी आपला आता काही संबंध नाही, असे जाहीर करताना तो शोभतो.

याचे मूळ लॅटिन ‘रेपुडियम’मध्ये आहे. रोमन कायद्यात वाग्दान किंवा विवाह मोडत असल्याचे एका पक्षाने कळवणे म्हणजे रेपुडियम. इंग्रजीतही पत्नीला टाकणे हा या क्रियापदाचा जुना अर्थ आहे. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ ‘फारकत घेणे’ जाते: फारकत नवरा-बायकोत होते, भागीदारांत होते आणि एखाद्या विचारापासूनही घेता येते. शब्दकोशांतले ‘अस्वीकार करणे’ त्यापुढे फिके वाटते.

कायद्यात मात्र अर्थ काटेकोर आहे. करार पाळणार नाही, असे एका पक्षाने शब्दांतून किंवा वागण्यातून स्पष्ट करणे म्हणजे रिप्युडिएशन. होचस्टर विरुद्ध डी ला टूर या 1853 च्या इंग्लिश खटल्यात 1 जूनपासून प्रवासात सोबत करण्यासाठी नेमलेल्या माणसाला मे महिन्यातच ‘गरज नाही’ असे कळवण्यात आले. त्याने जूनची वाट न पाहता दावा लावला, आणि तसा दावा लावता येतो असे न्यायालयाने ठरवले. कर्जाच्या बाबतीत या शब्दाला राजकीय धार येते. सोव्हिएत सरकारने 1918 मध्ये झारशाहीची कर्जे रद्दबातल ठरवली, ते कर्जाचे रिप्युडिएशन. पैसे नाहीत म्हणून हप्ता थकवणे वेगळे. इथे देणेच मान्य नसते. विमा व्यवहारात दावा फेटाळण्यालाही हाच शब्द आहे.

आरोप रिप्युडिएट करणे म्हणजे तो साफ झिडकारणे. पुरावा देऊन खोडून काढण्यासाठी ‘रिफ्यूट’ आहे. वर्तमानपत्रांतही या दोहोंची गल्लत होते. अमेरिकी राजकारणी सारा पेलिन यांनी 2010 मध्ये ट्विटरवर चक्क ‘रिफ्युडिएट’ असे लिहिले. थट्टा भरपूर झाली, पण न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने त्यालाच त्या वर्षीचा शब्द म्हणून निवडले.