लिस्बन २०१४ की मिलान २०१६? माद्रिदच्या दोन फायनलमधला फरक
रेआल माद्रिद विरुद्ध ॲटलेटिको माद्रिद, चॅम्पियन्स लीगची फायनल, मे महिन्याची अखेर, रेआलचा बचावपटू सर्जिओ रामोसचा गोल, नव्वद मिनिटांनंतर १-१ आणि मग जादा वेळ. हे वर्णन दोन सामन्यांना सारखंच लागू पडतं: २४ मे २०१४ चा लिस्बनमधला आणि २८ मे २०१६ चा मिलानमधला. दोन्ही वेळा ॲटलेटिकोचा प्रशिक्षक सिमेओनेच होता आणि दोन्ही वेळा कप रेआलनेच उचलला. आपल्याकडे दोन्ही सामने मध्यरात्री सव्वाबाराला सुरू झाले होते, त्यामुळे आठवणींची सरमिसळ होणं साहजिकच. पण जादा वेळेने निकाल लावला तो फक्त लिस्बनमध्ये.

एकाच शहरातले दोन क्लब युरोपच्या सर्वोच्च फायनलमध्ये समोरासमोर यायची लिस्बन ही पहिलीच वेळ. ॲटलेटिकोने आदल्याच आठवड्यात बार्सिलोनाच्या मैदानावर १-१ अशी बरोबरी साधून ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग, जिंकली होती. मात्र हंगामभर गोल करणारा दिएगो कोस्टा दुखऱ्या मांडीसह मैदानात उतरला आणि नवव्या मिनिटालाच बाहेर गेला. तेव्हा संघाला खेळाडू बदलायच्या तीनच संधी असत, त्यातली एक बदली तिथेच खर्ची पडली. माझ्या मते या सामन्याचा निकाल समजून घ्यायचा तर रामोसच्या गोलाइतकंच या बदलीकडे पाहायला हवं.

३६व्या मिनिटाला गोडीनच्या हेडरने ॲटलेटिकोला आघाडी मिळाली. गोलरेषा सोडून पुढे आलेल्या रेआलच्या गोलरक्षक कासियासला मागे फिरून चेंडू अडवता आला नाही. ही आघाडी नव्वदाव्या मिनिटापर्यंत टिकली. पंचांनी पाच मिनिटांची भरपाई दिली आणि तिच्या तिसऱ्या मिनिटाला मॉड्रिचच्या कॉर्नरवर रामोसने हेडर मारला. अनेकजण हा गोल जादा वेळेतला समजतात, तो तसा नाही. भरपाईचा वेळ म्हणजे खेळ थांबल्यामुळे वाया गेलेली मिनिटं, आणि ती नियमित सामन्याचाच भाग असतात. जादा वेळ म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन नवे भाग. रामोसने सामना त्या जादा वेळेपर्यंत नेला, जिंकून दिला नाही.

जिंकून देणारा गोल ११०व्या मिनिटाला आला. तोवर सिमेओनेच्या तिन्ही बदल्या संपल्या होत्या, शेवटची ८३व्या मिनिटाला, पायात गोळे आलेल्या फिलिपे लुईसच्या जागी. उजव्या बाजूचा बचावपटू हुआनफ्रान लंगडत होता, पण त्याच्या जागी कुणाला आणायची सोयच उरली नव्हती. रेआलचा डी मारिया नेमका त्याच बाजूने आत घुसला. त्याचा फटका गोलरक्षक कोर्त्वाने पायाने अडवला, पण उडालेला चेंडू बेलने डोक्याने जाळ्यात घातला. त्यानंतर ११८व्या मिनिटाला मार्सेलो आणि १२०व्या मिनिटाला पेनल्टीवर रोनाल्डो. निकाल ४-१. या आकड्यावरून सामना एकतर्फी झाला असं वाटतं, आणि ते ॲटलेटिकोवर अन्याय करणारं आहे. ११० मिनिटांपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत होते.

ॲटलेटिकोच्या चाहत्यांचं दुःख आणखी जुनं होतं. १९७४ च्या फायनलमध्ये जादा वेळेत लुईस आरागोनेसच्या फ्री किकने ॲटलेटिको बायर्न म्युनिकच्या पुढे गेला होता, पण अगदी शेवटी श्वार्झेनबेकने लांबून बरोबरी साधली. तेव्हा फायनलचा निकाल पेनल्टी शूटआऊटने लावत नसत. दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवला गेला आणि बायर्नने तो ४-० जिंकला. आरागोनेस यांचं निधन लिस्बनच्या फायनलआधी चारच महिने, फेब्रुवारी २०१४ मध्ये झालं होतं.

मिलानमध्ये क्रम उलटा होता. रामोसचा गोल १५व्या मिनिटाला, म्हणजे सुरुवातीलाच आला. रिप्लेत तो ऑफसाइड दिसतो, पण तेव्हा व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासायची सोय, नव्हती. मध्यंतरानंतर लगेच ग्रीझमनची पेनल्टी क्रॉसबारवर आदळली. ७९व्या मिनिटाला हुआनफ्रानच्या क्रॉसवर कारास्कोने १-१ केलं.

बदल्यांचं गणितही या वेळी उलटं होतं. रेआलचा प्रशिक्षक झिदानने तिन्ही बदल्या ७७व्या मिनिटापर्यंत वापरल्या होत्या आणि सिमेओनेकडे दोन शिल्लक होत्या. जादा वेळेत बेलच्या पायात गोळे आले होते, रेआलचा संघ दमलेला दिसत होता. सिमेओनेने मात्र पहिला ताजा खेळाडू १०९व्या मिनिटाला आणला आणि दुसरा ११६व्या. मला आजही वाटतं की ॲटलेटिकोने कप इथे गमावला. अर्ध्या तासाची ही संधी लिस्बनमध्ये रेआलला मिळाली होती आणि रेआलने ती घेतली होती.

जादा वेळेनंतरही १-१ च राहिलं. शूटआऊटमध्ये रेआलने पाचही पेनल्टी जाळ्यात मारल्या. ॲटलेटिकोच्या पहिल्या तीन आत गेल्या, चौथी हुआनफ्रानची खांबाला लागली. शेवटची रोनाल्डोने मारली, ५-३. शूटआऊटमधले गोल सामन्याच्या गोलसंख्येत धरत नाहीत, त्यामुळे २०१६ चा सामना नोंदीत १-१ असाच आहे. लिस्बनची नोंद मात्र जादा वेळेनंतर ४-१ अशी आहे.

पुढे २०१८-१९ च्या हंगामापासून युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, जादा वेळेत चौथी बदली करायची मुभा दिली. २०१४ मध्ये ती असती, तर लंगडणाऱ्या हुआनफ्रानला डी मारियासमोर उभं राहावं लागलं नसतं.